बारावं ‘व्हय म्हाराजा’

गेली काही वर्षं मी या सदरातले अनुभव वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला म्हणून वाचतेय. दुपारी ऑफिसात डबा खाताना. कुणाच्या मागे पावलं वाजली, कुणाला वळणावर पांढरी साडी दिसली... वाचायचं, ‘काय पण लोक’ म्हणायचं आणि डब्याचं झाकण लावायचं. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याची थोडी लाज वाटतेय. तुम्ही हसलात तरी चालेल. माझ्यात आता वाद घालण्याइतका जोर नाही.

मी वैशाली. वय सत्तेचाळीस, लग्न नाही. लालबागला चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, वडिलांबरोबर राहते. नोकरी परळच्या एका हॉस्पिटलात, रेकॉर्ड विभागात. पेशंटचे जुने कागद लावायचे, डॉक्टरांनी मागितले की शोधून द्यायचे, मुदत संपलेले रद्दीला काढायचे. चालत वीस मिनिटांचं अंतर. सकाळी वडिलांचं सगळं उरकून निघायचं, दुपारी एक बाई येऊन त्यांना जेवू घालते, संध्याकाळी साडेसहाला मी परत. रविवार असतो, पण तो कपडे धुण्यात जातो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा, आणि मूर्ती उठवण्याआधी घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — तक्रारीचं नव्हे, देवाकडचं गाऱ्हाणं. एक जण मोठ्याने देवाला घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सांगतो, याचं हे होऊ दे, तिचं ते होऊ दे; आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणं अण्णांनी घालावं! गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी केली तरी आवाज तोच राहिला. मजल्यावर कुणाकडे पूजा असली तरी गाऱ्हाण्याला बोलावणं अण्णांनाच.

चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत मी ते माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं. त्यानंतरच्या शिमग्याच्या सुमारास अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. सगळं नाही. एक शब्द राहिला — ‘व्हय’.

आता हे ऐकायला गोड वाटतं. त्याच्याबरोबर साडेतीन वर्षं राहून बघा. अण्णा, चहा हवा? व्हय. ओततेय तर हाताने कप सारतात. मग नको का? व्हय. पोहे करू की उपमा? व्हय. कुठे दुखतंय? व्हय. होकारही तोच आणि नकारही तोच, आणि कुठला कुठला ते मी ओळखायचं. सुरुवातीला मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून ओळखायचे. पुढे पुढे कंटाळा आला. जे शिजेल ते समोर ठेवायला लागले.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं, त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा, रोज, ठरलेल्या वेळी. अण्णांचा आवाज फक्त त्या एका रेकॉर्डिंगमध्ये होता. तेव्हापासून रोज सातला देवाला दिवा लावायचा, मोबाइल देवाच्या फळीवर ठेवायचा आणि गाऱ्हाणं लावायचं. जन्मभर गाऱ्हाणं घालणारा माणूस आता स्वतःच्याच गाऱ्हाण्याला डावा हात कपाळाशी नेऊन ‘व्हय’ म्हणायचा. पलीकडच्या खोलीतून, लाकडी पार्टिशनच्या मागून, चंद्राकाकीचंही ‘व्हय म्हाराजा’ यायचं. काकी सत्तरीची आहे, कान माझ्यापेक्षा तिखट. ती रोज तिकडे पोळ्या लाटतालाटता हजेरी लावायची.

अकरा मागण्या आहेत त्यात. मी हजारदा तरी ऐकल्या असतील. माझा धाकटा भाऊ संदेश, त्याची नोकरी. त्याची बायको. त्याच्या मुलीची दहावी. गावचं घर. गावच्या घरातली म्हैस. (हो, म्हैस.) चंद्राकाकीचा गुडघा... अशा अकरा.

माझं नाव त्यात नाही.

कारण मला माहीत आहे. त्या वर्षी माझ्या आयुष्यात एक माणूस होता. आमच्याच हॉस्पिटलातला, गिरगावात राहणारा, बायको जाऊन सात वर्षं झालेली. मी त्रेचाळीसची. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, ‘ह्या वयात? लोक काय म्हणतीत?’ मी म्हटलं, लोकांना काय म्हणायचंय ते म्हणू दे. त्यानंतर दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गणपती त्यातच आला. मी मोबाइल धरून उभी होते, तोंड घट्ट मिटून. म्हणजे त्या रेकॉर्डिंगमध्ये माझं नावही नाही आणि माझा ‘व्हय म्हाराजा’ही नाही. पुढे अण्णांचं हे असं झालं. तो माणूस वर्षभर थांबला, मग थांबला नाही. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही... वाटून घ्यायला वेळ कुठे होता!

आता मोबाइलचं. मजल्यावरचे सगळे फोन माझ्याकडे येतात. ‘वैशाली, ह्यां बघ गो, स्टोरेज फुल म्हणता.’ रेकॉर्ड विभागातली ना मी, म्हणजे नको ते काढून टाकायचं काम माझंच. सुप्रभातचे फोटो, तेच ते व्हिडिओ, सगळं साफ करून द्यायचं. काकीला मी एकदा समजावलं होतं की कॅशे म्हणजे ओट्यावरचा पसारा, तो पुसला तरी काही बिघडत नाही. आणि डेटा म्हणजे फळीवरचे डबे, ते कधी ओतून टाकायचे नाहीत. काकीला एवढं पटलं की ती आता मजल्यावर दुसऱ्यांना हेच सांगते.

आणि माझ्याच हातून ते झालं.

गुरुवार होता. माझा हँडसेट जुना, जागा कमी. सकाळपासून ‘स्टोरेज जवळपास भरलं आहे’ची पट्टी वर येत होती. अण्णांचा रिपोर्ट डाउनलोड होईना. संदेशने फॅमिली ग्रुपवर मुलीच्या वाढदिवसाचे तीस फोटो टाकलेले. मी घरी आले, चप्पल काढली, अजून पाणीही प्याले नव्हते. अण्णा खुर्चीत, डावा हात फळीकडे करून — व्हय, व्हय. सात वाजायला आले होते ना! मी उभ्याउभ्याच सेटिंग्समध्ये गेले, एकेका ॲपचा कॅशे साफ करत सुटले, आणि रेकॉर्डरच्या ॲपवर ‘कॅशे साफ करा’ऐवजी ‘डेटा साफ करा’ दाबलं. त्या ॲपमध्ये रेकॉर्डिंग ॲपच्या पोटातच साठतात. ॲप उघडलं तर पांढरा पडदा आणि मधोमध एक ओळ — ‘अद्याप कोणतेही रेकॉर्डिंग नाही’.

तुम्ही विचाराल, बॅकअप? नव्हता. संदेशला पाठवलं होतं, पण त्याने मधे दोन फोन बदलले. दुसऱ्यांच्या फोनची साफसफाई करणाऱ्या बाईचा स्वतःचा बॅकअप नव्हता. हसा.

अण्णांना काय सांगणार? मी दिवा लावला आणि तो रिकामा मोबाइल रोजच्यासारखा फळीवर उभा करून ठेवला. वाटलं, दोन मिनिटं वाट बघतील, मग सांगू बिघडलाय म्हणून. अण्णांनी डावा हात कपाळाशी नेला.

मोबाइलमधून काहीही आवाज नव्हता. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न, बाकी काही नाही. आणि थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, ‘व्हय.’

लगेच पार्टिशनच्या मागून काकी — ‘व्हय म्हाराजा!’

मला वाटलं, सवय. अण्णांना अंतरं पाठ झाली असणार, आणि काकी त्यांच्या आवाजावर म्हणतेय. मी मोजत राहिले. म्हशीची मागणी लांब आहे, तिथे ते तेवढेच थांबले. काकीच्या गुडघ्याला काकीचा आवाज नेहमीसारखा चढला. अकरा झाले. अकरानंतर अण्णा रोज हात खाली घेऊन खिडकीकडे बघतात. त्या दिवशी हात खाली आला नाही. ते वळून माझ्याकडे बघायला लागले. अर्धा मिनिट तरी. ‘व्हय’ही म्हणाले नाहीत. पलीकडे काकीच्या कुकरची शिट्टी झाली. मग अण्णांनी हात खाली घेतला.

मी मोबाइल उचलून बघितला. तोच पांढरा पडदा.

पाच मिनिटांत काकी दारात, हाताला पीठ तसंच.

‘गो वैशाली, आज पुरा लावलंस तो?’

‘काय पुरा?’

‘गाऱ्हाणा गो. रोज मेला अर्ध्यार तोडतंस. आज तुझा नाव इला.’

मी हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले. काकीला वाटलं मी रागावले.

‘तसा न्हय गो. माका बरा वाटला म्हणान सांगूक इलंय. “माझा वैशाली, माझा चेडू, आमका संभाळता संभाळता दमला हा, तेका वायच इसावो गावांदे रे म्हाराजा” — असा म्हणालो तुझो बापूस. मगे माझो कुकर वाजलो नी फुडचा काय ऐकाक गावला नाय.’

‘काकी, मला जरा विसावा मिळू दे, असं? तुम्हाला नीट ऐकू आलं?’

‘म्हंजे? मी काय भयरी आसंय?’

काकी दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीकडे आठ दिवसांसाठी निघून गेली, त्यामुळे तिला पुन्हा विचारता आलं नाही. मी मात्र शुक्रवारी लंच टायमात हिंदमाताला गेले. साडीच्या दुकानांच्या मागे एक मोबाइल रिपेअरवाले गृहस्थ बसतात. त्यांनी फोन केबलला लावला, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘मॅडम, झीरो आहे. या ॲपमध्ये काहीच नाही. गेलं ते गेलं.’ मी विचारलं, काही उरलेलं असेल, मधेच आपोआप वाजेल असं? ते माझ्याकडे जरा दयेने बघायला लागले. मी फोन घेतला आणि निघाले.

शुक्रवारी संध्याकाळी आवाज पूर्ण वर करून ठेवला. मला काही ऐकू आलं नाही. अण्णांचे अकरा ‘व्हय’, आणि मग माझ्याकडे बघणं. शनिवारी मोबाइल स्विच ऑफ करून ठेवला. अकरा, आणि बघणं. मग मी त्यांची परीक्षा घेतली, हे मला आता बरं वाटत नाही. मोबाइल पर्समध्ये टाकून पर्स बाहेर गॅलरीत ठेवून आले, दिवा पुन्हा नीट केला आणि म्हटलं, हं, अण्णा. अण्णा गप्प. दहा मिनिटं गप्प. मग डावा हात दाराकडे केला, जिथे पर्स होती तिकडे. ‘व्हय,’ म्हणाले. म्हणजे आण.

रविवारी संदेश आला. बदलापूरला राहतो, दोन आठवड्यांतून एकदा येतो, येताना फळं आणतो आणि अण्णांच्या पायांना तेल लावून जातो. वाईट नाही माझा भाऊ. त्याला मी डिलीटचं काही सांगितलं नव्हतं. सातला दिवा लावला, बंद मोबाइल फळीवर ठेवला. संदेश अण्णांच्या शेजारी जमिनीवर हात जोडून बसला.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, ‘व्हय,’ आणि संदेश त्यांच्याबरोबर म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’

मी संदेशकडे बघत होते. तो अण्णांच्या मागून म्हणत नव्हता. दोघं एकदम म्हणत होते, कधी तो आधी. त्याच्या मुलीच्या नावाला तो हसला, म्हशीला नेहमीसारखी मान हलवली. अकरा झाले. अण्णा माझ्याकडे वळले. संदेश ऐकत होता... आणि ऐकताऐकता त्याचा चेहरा उतरला. शेवटी तो मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याकडेच बघत राहिले.

‘ताई, हे आधी कधी ऐकलं नव्हतं. कुठे होतं हे?’

‘काय ऐकलंस?’

‘काय म्हणजे? इथेच तर बसलीयेस.’

‘संदेश, तू सांग. जसंच्या तसं.’

तो आधी चिडला. मग त्याने सांगितलं, अण्णांच्याच मालवणीत. काकीने सांगितलेलं सगळं, शब्दाला शब्द. काकी काय म्हणाली ते त्याला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. आणि कुकरमुळे काकीला जे ऐकू आलं नव्हतं, तेही.

‘“तेच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर तां माझ्या पदरात घाल, तेच्या नको.”’

मी उठले, मोबाइल त्याच्या हातात दिला. चालू कर म्हटलं. त्याने चालू केला, ॲप उघडलं, पांढरा पडदा बघितला. बराच वेळ बघितला. मग त्याने तो कपाटावर उलटा ठेवून दिला आणि हात शर्टाला पुसले.

‘ताई, मस्करी करतेयस का?’

‘मला मस्करी करायला वेळ आहे का रे?’

चहा होईपर्यंत तो अण्णांच्या पायांना तेल लावत बसला. मग म्हणाला, ‘पुढच्या शुक्रवारी मी रजा टाकतो. तीन दिवस मी राहतो इथे, तू जा कुठेतरी.’ साडेतीन वर्षांत त्याला हे पहिल्यांदा सुचलं. त्याप्रमाणे तो आला, आणि मी गिरगावात खोताच्या वाडीत मैत्रिणीकडे जाऊन पडले. फिरायला नाही, देवळात नाही. झोपले फक्त. मैत्रीण दोनदा उठवून जेवायला घालत होती. अंगातून एवढी झोप निघेल असं वाटलं नव्हतं.

पण त्या रविवारी, जाताजाता बूट घालताना, संदेशने विचारलं होतं, ‘आणि काय गं ताई, तुझ्या हातून काय चुकलं?’

‘काही नाही,’ मी म्हटलं.

ते इथे लिहिते. वर मी लिहिलंय की घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं. तसं नाही झालं. ‘डेटा साफ करा’ दाबलं की फोन लगेच काही करत नाही. तो विचारतो. एक चौकोन येतो — या ॲपचा सर्व डेटा कायमचा हटवला जाईल. खाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. मजल्यावरच्या अर्ध्या लोकांना तो चौकोन मी वाचून दाखवलेला आहे. त्या गुरुवारीही मी तो वाचला. पूर्ण वाचला. मागे अण्णा व्हय, व्हय करत होते, आणि मला वाटलं, आज नको. म्हशीचं नाव आहे आणि माझं नाही, हे आज मला पुन्हा ऐकायचं नाही. मी ‘ठीक आहे’ दाबलं.

हे त्या खोलीत कुणालाही माहीत नव्हतं. अण्णांची माझ्याकडे पाठ होती.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. काकी आणि संदेश दोघांनाही एकच भास कसा झाला, सांगता येत नाही. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घालतात त्याला ऐकू येत नाही असं काही असतं का, तेही मी काकी परत आल्यावर विचारलं. ‘तसा काय नसता गो,’ म्हणाली. मला अजूनही काहीच ऐकू येत नाही. ॲपच्या स्टोरेजमध्ये अजूनही शून्य दाखवतं.

गिरगावहून परत आले त्या सोमवारी मी सातला दिवा लावला. मोबाइल ठेवला. अण्णांचे अकरा झाले, पलीकडून काकीचे अकरा झाले. अण्णा माझ्याकडे वळले. मी मनात ते वाक्य म्हटलं, संदेशने सांगितलेलं, त्याला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला, आणि चार वर्षांपूर्वी मिटलेलं तोंड उघडून म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’ अण्णांनी कपाळाचा हात खाली घेतला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘ते चुकून नव्हतं झालं. मी मुद्दाम पुसलं. तुम्हाला माहीत होतं?’

‘व्हय,’ अण्णा म्हणाले.

साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.